वैमानिकाची रडारपरीक्षा

विमानाच्या नाकातील हवामान रडारचा अँटेना सुमारे 3 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो आणि त्या पावसाच्या थेंबांवर आदळून परतल्या की वैमानिकासमोरील पडद्यावर हिरवे, पिवळे, लाल डाग उमटतात. उड्डाणापूर्वीच्या चाचणीत याच रंगांची ठरावीक आकृती दिसते. पण ती यंत्रणेनेच रेखाटलेली असल्याने समोरचा पाऊस दिसेलच, अशी हमी तिच्यातून मिळत नाही. खरी परीक्षा हवेत होते: अँटेना हळूहळू खाली कलवला की जमिनीचे प्रतिध्वनी पडद्यावर उमटले पाहिजेत, आणि ते उमटले नाहीत तर स्वच्छ काळ्या पडद्यावर विसंबणे घातक ठरते.

तरीही धडधाकट रडारही फसवू शकते, कारण मुसळधार पाऊस लहरी शोषून घेतो व त्यामागील वादळ दिसेनासे होते. 4 एप्रिल 1977 रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सदर्न एअरवेजच्या विमानाची दोन्ही इंजिने गारा व पाण्याच्या माऱ्याने बंद पडली, तेव्हा वादळी क्षेत्रातून जाताना कॅप्टनने रडारवर ठेवलेली भिस्त चौकशीत एक कारण म्हणून नोंदवली गेली. म्हणूनच लाल डागामागे जमिनीचेही प्रतिध्वनी दिसत नसतील, तर तो भाग मोकळा न समजता रडारची सावली समजून टाळावा लागतो.