पगाराचा आकडा आणि हाती उरणारा पैसा

गेल्या महिन्यात शिवारफेरी आटोपून कार्यालयावर आलो, तो ओट्यावर आबा बसलेले. आबा म्हणजे आमच्या भागातले जुने द्राक्ष बागायतदार. मला वाटले, डाऊनीबद्दल विचारायला आले असतील. पण ते म्हणाले, "साहेब, आज बागेचं नाही, पोराचं विचारायचंय."

मुलाचे अमेरिकेतले शिक्षण पुरे झाले आहे. त्यासाठी अडीच एकर बाग बँकेकडे तारण आहे. आता दोन ठिकाणांहून नोकरीचे बोलावणे आले आहे. कॅलिफोर्नियात वर्षाला १ लाख १५ हजार डॉलर आणि आर्कान्सास राज्यात ९० हजार. मुलाचा ओढा आर्कान्सासकडे. आबांचा सवाल असा, "पंचवीस हजार डॉलर सोडून आडरानात कशाला जायचं?"

वाचक बंधु-भगिनींनो, आज पुष्कळ घरांतून असा प्रश्न उभा राहतो. म्हणून हा हिशेब सविस्तर मांडतो.

आधी काम कोणते ते पाहू. हुद्दा आहे डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा, म्हणजे संगणकातल्या माहितीच्या कोठाराचा राखणदार. आपला सातबारा आता संगणकावर मिळतो. त्यातली नोंद हरवू नये, भलत्याने तीत हात घालू नये, रोजची नक्कल वेगळी ठेवलेली असावी, हे पाहणारा माणूस मागे लागतोच. बँका, दवाखाने, मोठी दुकाने, सगळीकडे तो लागतो. अमेरिकी सरकारच्या २०२४ सालच्या आकडेवारीप्रमाणे या कामाचा मधला पगार वर्षाला सुमारे १ लाख ४ हजार डॉलर आहे. म्हणजे निम्म्या लोकांना याहून जास्त मिळतो, निम्म्यांना कमी.

आता आर्कान्सास. हे आडरान नव्हे. अमेरिकेतला जवळजवळ निम्मा भात या एका राज्यात पिकतो. वॉलमार्टचे पहिले दुकान १९६२ साली तिथल्याच रॉजर्स गावी निघाले आणि मुख्य कचेरी शेजारच्या बेंटनविलला आहे. कोंबडीच्या धंद्यातली टायसन आणि मालवाहतुकीतली जे. बी. हंट या कंपन्याही त्याच टापूत आहेत. एवढ्या मालाची नोंद ठेवायला राखणदार हवेतच.

मी आबांना विचारले, "एकरी उतारा ऐकून तुम्ही नफा सांगता का? औषध, मजुरी, पेटी, भाडे वजा करता ना?" इथेही तसेच आहे. अमेरिकी सरकार राज्याराज्यांतल्या महागाईची तुलना करते. देशाची सरासरी १०० धरली, तर २०२३ मध्ये आर्कान्सास सुमारे ८७ वर, म्हणजे सर्वांत स्वस्त, आणि कॅलिफोर्निया सुमारे ११३ वर होते. त्या मापाने आर्कान्सासचे ९० हजार हे १ लाख ३ हजारांच्या मोलाचे, तर कॅलिफोर्नियाचे १ लाख १५ हजार हे १ लाख २ हजारांच्या मोलाचे ठरतात. राज्याचा आयकर निराळाच. आर्कान्सासमध्ये २०२४ साली वरचा दर ३.९ टक्के होता. कॅलिफोर्नियात एवढ्या पगाराच्या वरच्या भागावर ९.३ टक्के बसतो.

आबांचा चेहरा खुलला. पण मी म्हटले, "थांबा, दुसरी बाजूही ऐका."

एक म्हणजे, बेंटनविलच्या आसपास घरभाडी अलीकडे चढली आहेत आणि तिथे मोटारीवाचून पान हलत नाही. दुसरे, नोकरी सुटली तर कॅलिफोर्नियात दुसऱ्या कंपन्या पुष्कळ, इथे मोजक्याच. तिसरे, कामच बदलत आहे. नक्कल ठेवणे, दुरुस्ती करणे ही नेहमीची कामे आता यंत्रणा आपोआप करू लागली आहे. नुसती राखण करणाऱ्याला पुढे वाव थोडा. कोठाराची आखणी करणाऱ्याला मात्र मागणी आहे, आणि त्याचा मधला पगारही २०२४ मध्ये सुमारे १ लाख ३६ हजार होता. तेव्हा कंपनी नवे शिकू देते का, हे पगाराइतकेच महत्त्वाचे.

चौथी गोष्ट परवान्याची. शिकून झाल्यावर अशा विषयांच्या विद्यार्थ्यांना तीन वर्षांपर्यंत काम करता येते. पुढे एच-१बी परवाना लागतो. खाजगी कंपन्यांसाठी वर्षाला ८५ हजार परवाने, आणि अर्ज त्याहून जास्त, म्हणून सोडत निघते. परवाना मिळाल्यावरही नोकरी गेली, तर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते. म्हणून कंपनी परवान्यासाठी अर्ज करणार का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं हातची, पुढचं पावसासारखं."

"तसंच समजा," मी म्हटले. "म्हणून पहिल्या तीन वर्षांतच बाग मोकळी व्हायला हवी. कुठल्या गावात राहून हप्ता जास्त फिटतो, ते मुलाला कागदावर मांडायला सांगा. भाडं, मोटार, विमा, कर, सगळं धरून."

चार दिवसांनी आबा पुन्हा आले. मुलाने हिशेब पाठवला होता. दोघा मित्रांत मिळून घर, जुनी मोटार आणि दरमहा बागेचा हप्ता. नोकरी आर्कान्सासची घेतली होती. कंपनी अर्ज करणार असल्याचे पत्रही होते.

कागद घडी करून खिशात ठेवत आबा म्हणाले, "आता डाऊनीचं सांगा."