शेवाळाचे रंग ओळखा

शेवाळ म्हटले की मोरीतली हिरवी निसरड आठवते. पण शेवाळाचे रंग अनेक. तळ्या-विहिरींत हिरवे, कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर तपकिरी आणि तांबडेही. आपल्या घरी करतात ते चायना ग्रास तांबड्या समुद्री शेवाळाचेच! हरितद्रव्य सर्वांत असते. दुसरी रंगद्रव्ये ते झाकतात.

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर गुलाबी झाले. अनेकांना ते शेवाळ वाटले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा तो खारट पाण्यातील सूक्ष्मजीवांचा रंग निघाला. चमत्कार म्हणून हात जोडण्याआधी तपासावे, हीच तथागतांची शिकवण.

सर्वांत जपायचे ते निळ्या-हिरव्या शेवाळाला. खरे तर हे जिवाणू. सांडपाणी मिसळलेल्या साचल्या पाण्यावर त्यांची हिरवी साय धरते. काही जाती विषारी असतात आणि ते विष पाणी उकळूनही जात नाही. असे पाणी पिऊ नका, गुरांना पाजू नका. घरची टाकी झाकून ठेवा. उजेड नसेल तर शेवाळ वाढत नाही.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. बंधू-भगिनींनो, ते पाणी पारखून पिणे हे आपले काम, असे आम्हांला वाटते.