पोलीस आणि आपले निवाडे

नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत सायंकाळी गप्पा सुरू झाल्या की कधी ना कधी पोलिसांचा विषय निघतोच, आणि निघाला की लगेच निकालही लागतो : सगळे सारखेच, सगळे खाबू. रविवारी अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर कुणाची गाडी अडवली गेली असेल, तर विचारायलाच नको. हा निवाडा न्याय्य आहे काय?

आपल्या रायगडला असा संशय घेण्यास सबळ कारण आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघी येथे उतरलेला तस्करीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. लाचेची बोली ठरली, रक्कम हाती येईपर्यंत चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेण्यात आल्या आणि गाड्या सुटल्या. पुढच्याच महिन्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसे प्राणास मुकली. संबंधित पोलिसांना विशेष टाडा न्यायालयाने २००६ मध्ये दोषी ठरवले; सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही त्यातून सुटले नाहीत.

मात्र त्या कटाचे धागे शोधून काढले तेही मुंबईच्या पोलिसांनीच. खाकी गणवेश दोन्हीकडे तोच होता. गोंडघरच्या पोलिसांचा अपराध सिद्ध होण्यास तेरा वर्षे लागली, साक्षीपुरावे तपासावे लागले. आपण मात्र रस्त्यावरच्या अनोळखी शिपायाचा हेतू गाडीची काच खाली करण्याआधीच ठरवून टाकतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक नुसत्या हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या देहात शिरल्या, परंतु कसाब जिवंत सापडला. त्यानंतर काही काळ सगळेच पोलीस वीर ठरले. आमच्या मते हेही सरसकटीकरणच होय. कोठडीत मार खाल्लेल्याला ओंबळे यांच्या शौर्याने कसला दिलासा मिळणार? एकाचे पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही, तसे पापही होऊ नये.

संत लूकच्या शुभवर्तमानात शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानकडे येऊन आपण काय करावे, असे विचारतात. तो त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. दमदाटीने पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका आणि पगारात समाधान माना, असे तो बजावतो. त्यांचे दोष त्याला पुरते ठाऊक आहेत. तरीही ते वेगळे वागू शकतील, हे तो गृहीत धरतो.

याचा अर्थ अन्याय निमूटपणे सोसावा असा मुळीच नाही. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचे निर्देश दिले आणि महाराष्ट्रातही असे प्राधिकरण आहे. तिथे 'सगळे सारखेच' अशी तक्रार चालत नाही. दिवस, वेळ, ठिकाण नोंदवावे लागते. आणि छातीवरचे नाव किंवा बक्कल नंबर नीट वाचून ठेवलेला असला म्हणजे काम सोपे होते.