दुधाची परीक्षा जंतूंच्या हाती



उसाचा माणूस दुधावर काय लिहितो, असे काहींना वाटेल. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या दावणीला एखादी तरी दुभती आहे. हंगामात ती वाढ्यावर असते आणि उसाचे बिल हाती पडेपर्यंत घर चालते ते दुधाच्या पगारावर.

डेअरीत फॅट आणि एसएनएफ लागते. त्यावरून दुधाचा कस कळतो. दुधात औषध उतरले आहे का, हे कळत नाही. ते ओळखायला आता जंतूच कामाला लावले आहेत. याला बायोसेन्सर म्हणतात. जिवंत जंतू हा पहारेकरी आणि रंगातला बदल ही त्याची आरोळी.

जुनी परीक्षा मेथिलिन ब्ल्यूची. १० मिली दुधात १ मिली निळे द्रावण घालून नळी ३७ अंशांवर ठेवायची. दुधातले जंतू प्राणवायू संपवतात, तसा निळा रंग उडतो. पाच तासांनंतरही निळे राहिले तर दूध फार चांगले. अर्ध्या तासात पांढरे झाले तर गेलेच म्हणा.

औषधाची परीक्षा याच्या उलट चालते. नळीत जेलीसारखा थर असतो. त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूची बीजे, त्यांचे खाद्य आणि जांभळा रंग. वर दुधाचे थेंब टाकून नळी सुमारे ६४ अंशांवर अदमासे तीन तास ठेवतात. दूध निर्मळ असेल तर बीजे रुजतात, आम्ल सुटते आणि जांभळ्याचे पिवळे होते. पेनिसिलीनसारखे औषध असेल तर बेणे रुजतच नाही, रंग जांभळाच राहतो. कोणते औषध हे मात्र ती सांगत नाही, आणि पाणी, युरिया तर तिला दिसतच नाही. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनेही अशा बीजांवर चालणाऱ्या चाचण्या तयार केल्या आहेत. त्यांतली एक अफ्लाटॉक्सिन एम-१ साठी आहे. बुरशी आलेली पेंड खाऊ घातली की हे विष दुधात उतरते. मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम. दूध उकळून यातले काही जात नाही.

घरातल्या बायकांना ही परीक्षा न शिकवता येते. विरजण चांगले असून दही लागले नाही, तर आठवडाभरात जनावराला सुई टोचली होती का, ते आठवावे.

मी स्वतः चुकलो आहे. आमच्या गाईला दगडी झाली. एका सडात ट्यूब सोडली आणि बाकीच्या तीन सडांचे दूध केंद्रावर घातले. कॅन परत आला. तेव्हा कळले की औषध रक्तातून दुसऱ्या सडांतही जाते. कॅन परत आला हे नशीबच. आपल्या भागातला टँकर बोरघाट उतरून पनवेलवरून मुंबईकडे जातो, त्यात शेकडो घरांचे दूध एकत्र असते. तिथे नळी जांभळी राहिली तर सगळा टँकर अडतो, आणि भुर्दंड त्या शेकडो घरांवर येतो.

हल्ली मी ट्यूब सोडली की गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने तारीख लिहितो. औषधाच्या खोक्यावर जितके दिवस छापले असतील तितके दिवस चारही सडांचे दूध वेगळे काढून ओतून द्यावे. खोके वाचता आले नाही तर डॉक्टरांकडून दिवस लिहून घ्यावेत. ते दूध वासरालाही पाजू नये.

– ऊस विकास अधिकारी