जिझिया आणि खजिन्याची अडचण

(लेखांक ५)

राज्याने जीवित, मालमत्ता आणि उपासना यांची हमी द्यायची आणि बिगरमुस्लिम प्रजेने जिझिया भरून दुय्यम स्थान पत्करायचं, हा जिम्मींचा करार मागच्या लेखात पाहिला. कुराणात या कराला आधार आहे (९:२९), दर मात्र दिलेले नाहीत. ते आठव्या शतकाच्या उत्तरार्धात खलिफा हारून अल् रशीदचा मुख्य काझी अबू यूसुफ याने नोंदवले. श्रीमंताला वर्षाला ४८ दिरहम, मध्यमाला २४ आणि हातावर पोट असलेल्याला १२. बायका, मुलं, अंध आणि कंगाल यांना माफी.

पण करदाताच मुसलमान झाला तर? धर्म म्हणतो, जिझिया सुटला. खजिनदार म्हणतो, मग भरणार कोण?

इराकचा सुभेदार हज्जाज (६९४–७१४) खजिनदाराच्या बाजूचा. गाव सोडून शहरात आलेल्या नवमुस्लिमांना त्याने परत शेतावर पिटाळलं. दुसरा उमर (७१७–७२०) खलिफा होताच त्याने उलट हुकूम काढला: मुसलमान झालेल्याकडून जिझिया घ्यायचा नाही. लोक कर चुकवण्यासाठीच धर्म बदलतात, तेव्हा त्यांची सुंता झाली आहे का ते तपासावं, असं खुरासानच्या सुभेदारापुढे कोणी सुचवलं. प्रेषित आले ते धर्माकडे बोलावण्यासाठी, सुंता करण्यासाठी नव्हे, अशा आशयाचं उत्तर उमरने धाडल्याचं तबरीच्या इतिहासात येतं.

उमर गेला आणि गाडी पुन्हा जुन्या चाकोरीत आली. ७२८ च्या सुमारास सुभेदार अशरसने समरकंद भागात करमाफीचं आश्वासन देऊन धर्मप्रसारक पाठवले. लोक झुंडीने मुसलमान झाले, वसुली घटली, स्थानिक राजाने तक्रार केली आणि अशरसने शब्द फिरवला. मग बंड पेटलं.

या गोंधळाचं मूळ विजयाच्या काळातल्या तहांत होतं. ६५१ मध्ये खुरासानमधलं मर्व शहर शरण आलं ते एकरकमी खंडणी ठरवून. तिची वाटणी आणि वसुली दिहकान, म्हणजे तिथले वतनदार जमीनदार, करत. अरबांना ठरलेली रक्कम मिळाली की झालं. कोणाच्या डोक्यावर किती बसवायचं, हे वतनदारांच्या हाती. डोईपट्टी आणि शेतसारा यांची फारकतही तेव्हा पक्की नव्हती.

७३९ च्या सुमारास सुभेदार नस्र बिन सय्यारने हिशेब तपासला. तबरीचे आकडे असे: ३०,००० मुसलमान जिझिया भरत होते आणि ८०,००० बिगरमुस्लिमांना तो माफ होता! नस्रने घडी बसवली: शेतसारा जमिनीवर, मालक कुठल्याही धर्माचा असो, जिझिया फक्त बिगरमुस्लिमांवर. पुढे धर्मशास्त्रातही हीच विभागणी रूढ झाली. पण नाराजी खोल मुरली होती. ७४७ मध्ये याच मर्वच्या परिसरात अब्बासी घराण्याच्या बंडाला तोंड फुटलं आणि ७५० मध्ये या सुभेदारांचे धनी असलेल्या उमय्या खलिफांची सत्ता गेली.

तेव्हा त्या शतकातल्या धर्मांतराकडे पाहताना तलवारीइतकंच खतावणीकडेही पाहायला हवं. प्रजेने धर्म बदलू नये, यातच अनेक सुभेदारांचा फायदा होता.

पुढच्या आठवड्यात: पहिल्या उमरच्या नावावर सांगितला जाणारा करार आणि जिम्मींच्या पोशाखावरची बंधनं.