हा अधिकार कुणी दिला?

यरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक, शास्त्री आणि वडीलजन येशूला गाठतात आणि विचारतात: हे सगळं कोणत्या अधिकारानं चाललंय, आणि तो तुला दिला कुणी? आदल्याच दिवशी त्यानं मंदिराच्या आवारातले सराफांचे चौरंग उलथून टाकले होते, तेव्हा प्रश्न रास्तच होता. विचारणाऱ्यांकडे पद होतं, वंश होता. पण त्या काळी प्रमुख याजकाला नेमायचा आणि काढायचा तो रोमी सुभेदार. येशूच्या वेळचा प्रमुख याजक कयफा याची नेमणूकही तशीच झालेली, असं योसेफस हा यहुदी इतिहासकार सांगतो. हे ठाऊक असलं की तो प्रश्न विचारणाऱ्यांवरच उलटतो.

येशू त्यांना उलट विचारतो, योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गाकडून होता की माणसांकडून? योहानाला संदेष्टा मानणाऱ्या लोकांच्या भीतीनं ते ‘ठाऊक नाही’ म्हणतात, मग तोही उत्तर देत नाही. कुणाला ही पळवाट वाटेल. मला वाटत नाही. मार्ककृत शुभवर्तमानात अधिकार आधी दिसतो आणि ओळख फार उशिरा उघड होते.

कफर्णहूममध्ये छप्पर उसकटून एका पक्षाघाती माणसाला येशूपुढे सोडतात. येशू त्याला आधी पापांची क्षमा झाल्याचं सांगतो. क्षमा तर एकटा देवच करू शकतो, असं तिथले शास्त्री मनात म्हणतात. त्यांचा तर्क बिनचूक आहे. म्हणून तर त्याचं बोलणं त्यांना देवनिंदा वाटतं. मग येशूच्या सांगण्यावरून तो माणूस बाज उचलून सगळ्यांदेखत चालत जातो.

पुढे हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी, कैसरीया फिलिप्पै या सम्राटाचं नाव मिरवणाऱ्या नगराच्या परिसरात त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, तू मसीहा आहेस. मार्कमध्ये त्याला शाबासकी मिळत नाही, कुणाला सांगू नका अशी ताकीद मिळते. मसीहा, म्हणजे अभिषिक्त, दावीदाच्या गादीवर बसेल आणि परक्यांचं राज्य मोडेल, अशी कित्येकांची आस होती. येशू मात्र दुःख, नकार आणि मरण यांबद्दल बोलू लागतो. पेत्र त्याला दटावतो, आणि ‘सैताना’ ही हाक ऐकून घेतो.

शौल आणि दावीद यांच्या मस्तकावर शमुवेल संदेष्ट्यानं तेल ओतलं होतं. येशूच्या मस्तकावर कुणी ओतलं? बेथानीतल्या एका घरात, तो जेवायला बसलेला असताना, मार्कनं नावही न दिलेल्या एका बाईनं. तेल जटामांसीचं, हिमालयात उगवणाऱ्या वनस्पतीचं. किंमत तीनशे दिनारांहून अधिक, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. ही माझ्या दफनाची तयारी आहे, असं येशू म्हणतो. राजाचा अभिषेक आणि प्रेताचा संस्कार एकाच कुपीतून होतात. साऱ्या शुभवर्तमानात मला हाच प्रसंग सर्वांत धाडसी वाटतो.

मग अटक होते, शिष्य पळून जातात. प्रमुख याजक विचारतो, तू मसीहा आहेस काय? इतके दिवस ज्याची वाच्यता होऊ दिली नाही, ते तो इथे, पहाऱ्यात उभा असताना, कबूल करतो. दानिएलाच्या ग्रंथातल्या, मेघांसह येणाऱ्या मनुष्याच्या पुत्राचाही दाखला देतो. आता ते नाव ऐकून त्याला गादीवर बसवायला कुणी धावणार नसतं. याजक आपली वस्त्रं फाडतो आणि देवनिंदेचा ठपका ठेवला जातो. रोमी सुभेदार पिलात याच्यापुढे मात्र चौकशी होते ती राजेपणाची, आणि क्रुसावरच्या दोषपत्रात लिहिलं जातं: यहुद्यांचा राजा.