चौघांचे पथक आणि ‘कॉन्करर’चा टप्पा

2020च्या सप्टेंबरमध्ये भारतात ‘पब्जी मोबाइल’ या खेळावर बंदी आली आणि 2021च्या जुलैमध्ये ‘क्राफ्टन’ या दक्षिण कोरियन कंपनीने तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने आणला. कबड्डीप्रेमी वाचकाला त्याची रचना अनोळखी वाटू नये, कारण चढाईपटू, कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांची कामे जशी वाटलेली असतात, तशीच येथे चौघांच्या पथकातही असतात.

सुमारे शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, तेव्हा कोणत्या वाटेने आत शिरायचे हे ठरवणारा तो ‘आयजीएल’, म्हणजे पथकाचा सूत्रधार. ‘असॉल्टर’ जवळून हल्ला चढवतो, ‘स्नायपर’ दुर्बिणीच्या बंदुकीने दूरचे शत्रू टिपतो, तर ‘सपोर्ट’ धूरगोळा फेकून आडोसा करतो आणि त्या धुरात, गोळीबार चालू असतानाच, गुडघ्यांवर आलेल्या सोबत्याला उठवतो. हे शेवटचे काम कमी नजरेत भरत असले, तरी पथकाचे टिकणे बहुधा त्यावरच अवलंबून असते.

‘कॉन्करर’ हा या खेळातील सर्वोच्च दर्जा क्रमवारीतील पहिल्या 500 खेळाडूंपुरताच असतो, त्यामुळे नुसते गुण साठवून तो मिळत नाही. इतरांनी अधिक गुण मिळवले की हातचे स्थानही निसटते, आणि नवा हंगाम सुरू होताच दर्जा खाली येऊन चढण पुन्हा चढावी लागते.